श्यामची आंघोळ

खानदेशात साने गुरुजी कोणाला नवे नाहीत. भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसले की जळगावनंतर अमळनेर लागते. आमच्या वरणगावपासून काही फार दूर नाही. त्या गावी पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली शिक्षक झाले. जन्म कोकणातला, पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा. घरची गरिबी, आई यशोदाबाई १९१७ साली गेलेली. पुढे पुण्याला शिकून ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि तिथून शाळेत.

वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे घडी घालून ठेवीत, कोणाचे मळके कपडे धुऊन टाकीत. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. कोणाचा मुलगा कोण, हा हिशेब त्यांच्याकडे नव्हता. मला वाटते, देव सर्वांवर सारखी माया करतो हे मुलांना शिकवण्याची त्यांची पद्धत हीच होती. प्रवचन नंतर, केरसुणी आधी!

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. पुढे तुरुंगवास ठरलेलाच. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली.

त्यात 'देवाला सारी प्रिय' नावाचे प्रकरण आहे. एका महार म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. शिवायचे कसे म्हणून कोणी हात लावीत नाही. श्यामची आई श्यामला पाठवते. मोळी डोक्यावर चढवून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर, असे सांगते.

हे प्रकरण मी माझ्या आजीला वाचून दाखवले. तिला अक्षरओळख नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. तिने जन्मभर मोळ्या वाहिल्या आहेत. ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एवढेच विचारले, की देवाला सगळी सारखी, तर पोराला आंघोळ कशाला? मला उत्तर देता आले नाही. त्या काळी ब्राह्मणाच्या घरातल्या बाईने इतके करणेही धाडसाचे होते, हे मी सांगून पाहिले. आजीला ते पटले असे दिसले नाही, आणि खरे तर मलाही पुरते पटत नाही.

पण गुरुजी त्या आंघोळीपाशी थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून ते महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडले. सेवादलाचे कलापथक बरोबर होते. बडवे ऐकेनात. तेव्हा १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केले. गांधीजींनाही ते प्रथम पटले नव्हते. तरी गुरुजी हटले नाहीत. मावळणकरांनी मध्यस्थी केली, बडवे राजी झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. आईने सांगितलेली आंघोळ मुलाने अशी पंढरपुरात पुसून टाकली, असे मी समजतो.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी 'साधना' साप्ताहिक काढले. मन मात्र खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवन संपवले.

पंढरपूरची हकिगतही मी आजीला सांगितली. तिने मोळीचे पान पुन्हा वाचायला लावले, आणि आंघोळीची ओळ येताच हाताने खूण केली, ती सोड म्हणून.