सर अल्बर्ट हॉवर्ड

शेतकऱ्याच्या दारचा उकिरडा म्हणजे कांहीं कौतुकानें पाहण्याजोगी वस्तु नव्हे. परंतु त्याच्याकडे आदरानें पाहणारा एक मोठा शास्त्रज्ञ आपल्या देशांत राहून गेला. सर अल्बर्ट हॉवर्ड हें त्याचें नांव.

इंग्लंडांतील श्रॉपशर परगण्यांत १८७३ सालीं एका शेतकऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. केंब्रिज येथें शिक्षण झाल्यावर वेस्ट इंडीज बेटांत ते वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करूं लागले. तेथें एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. आपण शेतकऱ्यांस उपाय सांगतों. पण ते स्वतः करून पाहावयास आपल्याजवळ वीतभरहि जमीन नाहीं!

१९०५ सालीं बिहारांतील पुसा येथें त्यांची सरकारी नेमणूक झाली आणि ७५ एकर जमीन हातीं आली. भोवतालच्या रयतेचीं पिकें औषधें न मारतांहि बहुधा निरोगी असत. हें पाहून ह्या केंब्रिजच्या पदवीधरानें निरक्षर कुणब्यांचें शिष्यत्व पत्करलें. पुढें त्यांचे बैल लाळखुरकत झालेल्या शेजारच्या गुरांच्या नाकाला नाक घांसीत, तरी आजारी पडत नसत. सकस मातींतला चारा हेंच ह्याचें कारण, असें त्यांचें मत होतें. तेवढ्यावरून सिद्धांत ठरतो असें आम्हांस वाटत नाहीं. पण हॉवर्ड आपल्या मतास अखेरपर्यंत चिकटून राहिले.

त्यांची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. गव्हाच्या नव्या जाती उभयतांनीं मिळून तयार केल्या.

१९२४ सालीं तीं दोघें इंदुरास आलीं. होळकर दरबारानें संशोधनासाठीं सुमारें ३०० एकर जमीन दिली. तेथें प्रश्न मोठा बिकट होता. जमीन निकस होत चाललेली, आणि शेण मात्र गोवऱ्या होऊन चुलींत जाई. सगळें शेण शेतासाठीं मागावें, तर गरिबाची चूल कशी पेटावी? हॉवर्डांनीं चीन देशांतील शेतकऱ्यांची जुनी रीत अभ्यासिली आणि तोड काढली. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद व दोन फूट खोल असा खड्डा खणावा. त्यांत पालापाचोळा, तण व काडीकचरा ह्यांचे थर घालावे; त्यांवर गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती, थोडें शेण व राख पसरावी, पाणी शिंपावें आणि तीन वेळां खालींवर करावें. तीन महिन्यांत काळेंभोर खत तयार! कपाशीच्या पऱ्हाट्या फार टणक. त्या रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घेत. थोडक्या शेणांत काम भागत असल्यामुळें उरलेलें सरपणास मोकळें राहिलें.

ह्या कामांत यशवंत वाड नांवाचे रसायनज्ञ त्यांचे सहकारी होते. इंदुरी पद्धतीचें पुस्तक १९३१ सालीं प्रसिद्ध झालें, त्यावर हॉवर्डांच्या जोडीस वाडांचेंहि नांव आहे. गॅब्रिएलबाईंना मात्र तें पाहावयास मिळालें नाहीं. आदल्याच वर्षीं त्या निवर्तल्या होत्या.

त्यानंतर हॉवर्ड स्वदेशीं परतले. १९३४ सालीं त्यांना सर ही पदवी मिळाली. रासायनिक खतांच्या पुरस्कर्त्यांशीं त्यांचा वाद मात्र १९४७ सालीं मृत्यु येईपर्यंत मिटला नाहीं.