संत गोन्सालो गार्सिया यांची पहिली जपानयात्रा

वसईच्या किल्ल्यांतील पडक्या भिंतींवर आज झाडें रुजलीं आहेत. परंतु सुमारें साडेचारशें वर्षांपूर्वीं याच तटाच्या आंत येशूसंघाच्या पाद्र्यांची शाळा भरत असे, आणि त्या शाळेंत गोन्सालो गार्सिया नांवाचा एक मुलगा शिकत होता. बाप पोर्तुगीज, आई याच भूमींतली. जन्म १५५६ च्या सुमाराचा. त्यांच्या क्रूसाची कथा आपण दरवर्षीं सणाला ऐकतों. या महोत्सवी अंकांत मात्र आम्हांस त्यांच्या पहिल्या प्रवासाविषयीं लिहावयाचें आहे, कारण त्याकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं.

गोन्सालोचे गुरु पाद्री सेबॅस्तियांव गोन्साल्विस हे १५७२ च्या सुमारास जपानास निघाले, तेव्हां पंधरासोळा वर्षांचा हा शिष्य त्यांच्याबरोबर निघाला. त्या काळीं जपानची सफर म्हणजे आठपंधरा दिवसांचें काम नव्हे. गोव्याहून मलाक्का, मलाक्क्याहून मकाव, तेथें अनुकूल वाऱ्याची वाट पाहत महिनेच्या महिने मुक्काम, आणि मग नैऋत्येचा वारा शिडांत धरून नागासाकी. हें बंदर पोर्तुगीज जहाजांसाठीं १५७१ त नुकतेंच उघडलें होतें. वाटेंत वादळें, चांचे आणि ताप. घरीं पत्र पोंचावयास वर्षाहून अधिक काळ. मुलगा सेवाकार्यासाठीं परदेशीं जाणार असें ठरलें कीं आईबाप आमच्याकडे येऊन बसतात व काळजी बोलून दाखवितात. ती काळजी रास्तच आहे. पण अशा वेळीं आम्हांस गोन्सालोच्या आईची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

संत फ्रान्सिस झेवियर १५४९ त जपानांत उतरले होते. त्यांनी लावलेलें रोप आतां वाढीस लागलें होतें, परंतु पाद्री थोडे, आणि जपानी भाषा तर युरोपांतून आलेल्या प्रौढांना अतिशय जड जाई. तरुण गोन्सालो ती अस्खलित बोलूं लागला. सुमारें आठ वर्षें त्यानें धर्मशिक्षकाचें काम केलें: नवख्यांस प्रार्थना शिकविणें, पाद्र्यांचें बोलणें लोकांस आणि लोकांचें पाद्र्यांस समजावून देणें. या कामाला मानमरातब नसतो, हें आपल्या गांवच्या धर्मशिक्षकांना सांगावयास नको.

येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं. आठ वर्षांच्या सेवेनंतर ही निराशा! आमच्या सेमिनरीच्या दिवसांत घरीं परत पाठविलेले सोबती आम्हीं पाहिले आहेत. त्यांची ट्रंक फाटकापर्यंत उचलून नेतांना काय बोलावें हें आम्हांस कधींच सुचलें नाहीं. गोन्सालोनें मिशन सोडलें आणि तो व्यापारांत शिरला. त्यांत त्याला चांगलें यश आलें, चार पैसे गांठीं आले. पण मन तेथें रमलें नाहीं. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन साधूंशीं त्याची ओळख झाली. त्या संघांत तो साधा बंधु म्हणून दाखल झाला, आणि १५८८ त त्यानें व्रतें घेतलीं.

आणि मग ती तरुणपणीं शिकलेली भाषाच पुन्हां कामास आली. फिलिपाइन्सच्या गव्हर्नरानें १५९३ त पाद्री पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे वकील म्हणून पाठविलें, तेव्हां दुभाषी म्हणून बंधु गोन्सालो बरोबर गेले. हिदेयोशींनीं १५८७ तच पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. तरी या मंडळींस राहण्याची मोकळीक मिळाली. क्योटो येथें त्यांनीं मठ व चर्च उभारलें आणि कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें.

पुढचें सर्वांस ठाऊक आहे. १५९६ च्या आक्टोबरांत सान फेलिपे हें स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्यास लागलें, त्यांतील मालावरून तंटा माजला, संशय वाढला आणि धरपकड झाली. कैद्यांचे डावे कान कापून त्यांची धिंड काढण्यांत आली, व ऐन हिवाळ्यांत त्यांना नागासाकीस चालवीत नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनीं मारलें. गोन्सालो तेव्हां चाळिशीचे होते; सर्वांत लहान लुइस इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा.

१६२७ त त्यांना धन्यपद मिळालें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांना संत म्हणून घोषित केलें. निशिझाका टेकडीवर १९६२ त उभारलेल्या स्मारकांत ब्राँझच्या सव्वीस मूर्ति एका रांगेंत उभ्या आहेत. त्यांतील एक आपल्या वसईची आहे.