अंकांपासून समीकरणांपर्यंत : अल-ख्वारिज्मी

विद्यार्थी मित्रांनो, सहावी-सातवीत अंकांच्या जोडीला अक्षरे येतात आणि पुढे समीकरणे सुरू झाली की तुमच्यापैकी पुष्कळजण गणिताला भिऊ लागतात. पालकही विचारतात की, दुकानात किंवा शेतात या अक्षरांचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर एका थोर गणितज्ञाच्या कार्यात सापडते.

मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांचा काळ सुमारे इ. स. ७८० ते ८५०. त्यांच्या नावातील ख्वारिज्म हा मध्य आशियात अरल समुद्राच्या दक्षिणेकडील प्रदेश. त्यांचे आयुष्याचे कार्य मात्र बगदादला झाले. खलिफा अल-मामून (इ. स. ८१३ ते ८३३) यांनी विद्वानांना उदार आश्रय दिला होता. बैतुल हिकमा या ज्ञानमंदिरात ग्रीक, इराणी आणि भारतीय ज्ञानाचा अभ्यास चाले. तेथे अल-ख्वारिज्मींनी ग्रहगतीची कोष्टके केली, भूगोलावर ग्रंथ लिहिला आणि भारतीय अंकपद्धतीवर पुस्तक रचले. शून्यासह दहा चिन्हांत कोणतीही संख्या लिहिण्याची आपल्या देशातील ही रीत बाराव्या शतकात त्या पुस्तकाच्या लॅटिन रूपांतरांमुळे युरोपात पसरू लागली. संगणकाच्या क्षेत्रातला ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ अल-जब्र वल-मुकाबला यावरचा. ‘अल-जब्र’वरून ‘अल्जिब्रा’ हे नाव रूढ झाले. वर्गसमीकरणे भारतात ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच सोडविली होती. परंतु अल-ख्वारिज्मींचे वैशिष्ट्य शिकविण्याच्या क्रमात आहे. ते प्रथम संख्या समजावतात. नंतर सर्व समीकरणे सहा प्रकारांत बसवून प्रत्येकाची रीत देतात. मग ती रीत बरोबर का, हे चौरसाची आकृती काढून पटवितात. त्यानंतर व्यापारातील त्रैराशिक, जमिनीची मोजणी आणि शेवटी वारसाहक्काची उदाहरणे येतात.

त्यांचे एक उदाहरण पाहा. एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून ३९ होतात. दहाचे निम्मे ५, त्याचा वर्ग २५. तो ३९ मध्ये मिळविला की ६४. त्याचे वर्गमूळ ८, त्यातून ५ वजा केले की उत्तर ३. ताळा पाहा : ९ आणि ३० मिळून ३९. त्यांच्या ग्रंथात अक्षरचिन्हे नाहीत, सारे शब्दांत आहे. तेव्हा मुलांनो, अक्षर ही केवळ सोय आहे. तिला भिऊ नका.

पालकांनो, त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्राच्या हिशोबाचा आहे, हे ध्यानात घ्या. शरियतप्रमाणे मयताच्या मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली असतील तर पत्नीला १/८ मिळतो. उरलेल्या ७/८ चे चार भाग करून दोन मुलाला व एकेक प्रत्येक मुलीला द्यावयाचा. म्हणजे इस्टेटीच्या ३२ हिश्श्यांपैकी पत्नीचे ४, मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७. ज्या मुलीला अपूर्णांक येत नाहीत, तिला आपला हिस्सा पुरा मिळाला की नाही हे कसे कळणार? गणित मुलींना कशाला हवे, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपल्या शाळेतील क्रमही साधारण असाच आहे : अंकगणित, मग समीकरणे, मग भूमितीतील सिद्धता. नववीत नापास होणाऱ्या मुलाचे दुखणे बहुधा पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांत असते. अशा वेळी मुलाला शाळेतून काढून कामाला लावू नका. त्याला दोन पायऱ्या मागे न्या, त्या पक्क्या करून घ्या आणि मग पुढे चढवा. वर्ष गेले तरी चालेल, पण पायरी गाळू नका. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी बगदादच्या त्या विद्वानाने आपला ग्रंथ याच रीतीने रचला होता.