डासाचे कोडे

पूर्वी पावसाळा सरत आला की गावोगावी हिवतापाची साथ येई. आधी थंडी वाजून अंग थडथडू लागे. मग ताप चढे, मग घाम येऊन उतरे. एक-दोन दिवसांनी तोच फेरा पुन्हा सुरू होई. एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात या तापाने दरवर्षी लाखो माणसे मरत. हा ताप दलदलीच्या खराब हवेने येतो, असे पुष्कळ डॉक्टर मानत. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी खराब हवा असा आहे.

हिवतापाचे कोडे सोडवणारे रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातील अल्मोडा येथे झाला. त्यांचे वडील ब्रिटिश फौजेत अधिकारी होते. आठव्या वर्षी रोनाल्ड यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. त्यांना कविता, चित्रे आणि संगीत यांची आवड होती. डॉक्टर होण्याची इच्छा त्यांची नव्हती, वडिलांची होती. तरी ते डॉक्टर झाले आणि १८८१ साली हिंदुस्थानातील सरकारी वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८८० साली, लाव्हेरां या फ्रेंच डॉक्टरांनी अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात सूक्ष्म जंतू पाहिले होते. रॉस यांना ते खरे वाटेना, कारण त्यांना स्वतःला ते कधी दिसले नव्हते. १८९४ साली ते रजेवर लंडनला गेले. तेथे पॅट्रिक मॅन्सन या अनुभवी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ते जंतू त्यांना दाखवले. तेव्हा कोठे रॉस यांची खात्री पटली.

पण हे जंतू एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात कसे? मॅन्सन यांचा तर्क असा होता : डास रुग्णाचे रक्त पितो, जंतू डासाच्या पोटात वाढतात, डास पाण्यात मरून पडतो आणि ते पाणी पिणाऱ्याला ताप येतो. या तर्काचा पहिला भाग बरोबर होता आणि शेवटचा चूक. पण त्या वेळी हे कोणाला कळणार?

१८९५ साली रॉस परत आले. मुंबईला उतरल्याबरोबर ते तेथील इस्पितळात हिवतापाचे रुग्ण शोधू लागले. मग सिकंदराबादला त्यांचे खरे काम सुरू झाले. मेलेले डास पडलेले पाणी त्यांनी काही माणसांना त्यांच्या संमतीने पाजले. एकाला थोडा ताप आला, इतरांना काहीच झाले नाही. काहीच ठरेना. दोन वर्षे त्यांनी असंख्य डास चिरून पाहिले, पण जंतू सापडले नाहीत. मध्येच सरकारने त्यांना कॉलऱ्याच्या कामासाठी बंगळूरला धाडले. एकदा तर त्यांना स्वतःलाच हिवताप झाला!

१८९७ साली सिकंदराबादला परतल्यावर त्यांनी आपला प्रश्न पुन्हा नीट मांडला. हिवताप कसा पसरतो, हा प्रश्न फार मोठा होता. त्याचे तुकडे करायला हवे होते. डास सगळे सारखे नसतात. मग कोणत्या जातीचा डास? त्याच्या शरीराचा कोणता भाग? रक्त प्यायल्यावर कितव्या दिवशी? आणि जंतू डोळ्यांसमोर आला तर तो ओळखायचा कसा? हिवतापाच्या जंतूत काळे कण असतात. तेच कण डासाच्या शरीरात दिसले, तर उत्तर मिळाले असे समजायचे, हे त्यांनी ठरवले. जंतू माणसात परत कसा येतो, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला.

आतापर्यंत त्यांनी करड्या आणि पट्ट्यापट्ट्यांच्या डासांवरच श्रम केले होते. ऑगस्टमध्ये पंखांवर ठिपके असलेले तपकिरी डास त्यांना मिळाले. १६ ऑगस्टला ते हुसेन खान या रुग्णाला चाववण्यात आले. दर डासामागे एक आणा द्यायचे ठरले होते. डास होते दहा. मग रॉस रोज एखादा-दुसरा डास चिरून पाहू लागले. उकाडा असह्य होता. पंखा चालवला तर डास उडून जात, म्हणून तोही बंद. घामाने यंत्राचे स्क्रू गंजले होते आणि डोळ्याला लावायची काच तडकली होती.

२० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटाच्या भिंतीत त्यांना गोल पेशी दिसल्या. पेशींत काळे कण होते! दुसऱ्या दिवशी शेवटचा डास चिरला, तर त्यातील पेशी अधिक मोठ्या होत्या. म्हणजे त्या जिवंत होत्या, वाढत होत्या.

आता उरलेला प्रश्न हाती घ्यायचा, तोच रॉस यांची बदली राजपुतान्यात खेरवाडा येथे झाली. तेथे हिवतापाचे रुग्णच मिळेनात. १८९८ साली ते कलकत्त्याला आले, तर तेथे प्लेगची भीती पसरलेली. सुई टोचून रक्त द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी माणसे सोडून पक्षी घेतले, कारण पक्ष्यांनाही एक प्रकारचा हिवताप होतो. महंमद बक्ष हे मदतनीस त्यांच्या जोडीला होते. जुलै १८९८ मध्ये डासाच्या लाळग्रंथीत जंतू सापडले. असे डास चावल्यावर निरोगी चिमण्या आजारी पडल्या. ताप पाण्यातून नव्हे, डासाच्या दंशातून येतो, हे दिसून आले.

मात्र हे सिद्ध झाले पक्ष्यांबाबत. माणसाबाबतचा पुरावा त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रासी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी दिला. पहिला मान कोणाचा, यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात पुढे अनेक वर्षे कडवट वाद चालला. दोघांच्याही कामाची किंमत त्या भांडणापेक्षा मोठी होती. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. ज्या इमारतीत त्यांना त्या काळ्या कणांच्या पेशी दिसल्या, ती हैदराबादजवळ बेगमपेठ येथे जतन करून ठेवली आहे.