नर्सिंगला लोक नाकं मुरडायचे, तेव्हा रमाबाई रानडेंनी विधवांना थेट ‘ससून’मध्ये शिकायला पाठवलं

‘उंच माझा झोका’ आठवते? 2012 साली आलेल्या या मालिकेमुळे रमाबाई रानडे घराघरात पोहोचल्या. पण महाराष्ट्रातल्या नर्सिंगमध्येही त्यांचा मोठा वाटा आहे, हे फार जणांना माहीत नसतं.

रमाबाई मूळच्या कुर्लेकर. जन्म 1862 चा, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडेंशी झालं. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानडेंनी त्यांना आधी मराठी, मग इंग्रजी शिकवलं. घरातल्या बायकांनी टोमणे मारले, पण शिक्षण थांबलं नाही.

1901 साली रानडे गेले. विधवेने कोपऱ्यात बसायचं, असा तो काळ. रमाबाई मात्र बाहेर पडल्या. 1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, तेव्हा रमाबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात सेवासदन सुरू झालं.

इथे त्यांनी नर्सिंगचा विषय हातात घेतला. तेव्हा हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती बायकाच दिसायच्या. परजातीच्या, परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे हिंदू घरांना मान्यच नव्हतं.

रमाबाईंनी नुसती भाषणं दिली नाहीत, एकेक अडचण सोडवली. अर्धवट शिक्षण सुटलेल्यांसाठी वर्ग काढले. मुली राहणार कुठे, ही घरच्यांची काळजी होती, म्हणून हॉस्टेल काढलं. प्रशिक्षणासाठी ससून हॉस्पिटलची वाट मोकळी केली. आणि रानडेंच्या पत्नीच पुढे आहेत म्हटल्यावर लोकांचा विश्वासही बसला.

त्या स्वतः कधीच नर्स नव्हत्या. पण नर्सची परिसेविका आणि पुढे अधिसेविका, म्हणजे मेट्रन होण्यासाठी आधी पहिली पायरी चढता यावी लागते. ती पायरी त्यांनी बांधली.

1924 साली रमाबाई गेल्या. 1962 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आज कणकवलीजवळच्या तळेऱ्यातून एखादी मुलगी नर्सिंगसाठी पुण्या-मुंबईला निघाली, तरी घरात पहिले प्रश्न तेच असतात. राहणार कुठे? खर्च कोण करणार? लग्नानंतर नोकरी करू देतील का? नर्स किती वर पोहोचणार, हे तिच्या हुशारीइतकंच या उत्तरांवरही ठरतं. रमाबाईंनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.