वऱ्हाड परत मागणारे दिवाण : सर सालार जंग (पहिले)

हैदराबादचे सालार जंग वस्तुसंग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तो संग्रह मुख्यतः नातवाचा. आजोबांनी मात्र वर्षानुवर्षे एकाच गोष्टीचा ध्यास घेतला आणि ती त्यांच्या हाती आली नाही. ती म्हणजे आपला वऱ्हाड प्रांत.

त्यांचे मूळ नाव मीर तुराब अली खान. जन्म १८२९ चा. मे १८५३ मध्ये, त्यांचे चुलते सिराज-उल्-मुल्क दिवाण असताना, कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख लावून घेतले. निमित्त कर्जाचे. निजामाच्या पैशाने पोसलेल्या, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीतील कंटिंजंट फौजेचा पगार थकला होता. स्वामित्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा आणि खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक निजामास, असा हा तह. थोड्याच दिवसांत चुलते वारले व चोविसाव्या वर्षी तुराब अलींच्या गळ्यात दिवाणगिरी पडली.

१८५७ साली रेसिडेन्सीवर हल्ला झाला तरी त्यांनी हैदराबाद इंग्रजांच्या बाजूस राखले. याबद्दल त्यांना दोष देणारे आहेत व तो दोष अगदीच निराधार नव्हे. बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत आले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड राहिले ते राहिलेच. वर तेथील जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्कही निजामाने सोडला. प्रस्तुत लेखकाच्या मते सारे नुकसान या एका कलमात होते. शिल्लक मिळायची, पण ती किती हे सांगणार दुसरा पक्ष! पुढे अमेरिकेतील यादवीने कापसाचा भाव चढला, १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाडातून नागपुरास पोचली, आणि मुलूख सोडण्याची गोष्ट इंग्रजांना अधिकच जड झाली.

१८६९ नंतर गादीवर अल्पवयीन महबूब अली खान होते. सालार जंगांनी मागणी केली ती साधी होती : फौजेच्या पगारासाठीच मुलूख तारण आहे ना? मग रोख रकमेची ठेव घ्या, व्याजातून पगार भागवा आणि मुलूख सोडा. सावकाराशी व्यवहार केलेल्या कोणासही हे पटावे. सरकारला पटले नाही. पैशापेक्षा जमीनच खात्रीची, असे त्याचे म्हणणे.

१८७६ मध्ये ते विलायतेस गेले. वाटेत पॅरिसला जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले, तरी लंडन गाठले. ऑक्सफर्डने पदवी दिली, लंडन शहराने सन्मान केला. वऱ्हाडाविषयी उत्तर मिळाले ते एवढेच, की निजाम सज्ञान होईपर्यंत हा प्रश्न काढू नये. लॉर्ड लिटन यांनी तर त्यांच्या प्रतिस्पर्ध्यालाच राज्यकारभारात त्यांच्या जोडीस बसविले.

ते थांबले. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने त्यांचा अंत झाला. निजामाने अधिकारसूत्रे हाती घेतली ती फेब्रुवारी १८८४ मध्ये.

त्याच महबूब अली खानांनी १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्याशी करार करून वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले. कायमपणाची ही अट १८५३ मध्ये त्यांचे आजोबा नासिर-उद्-दौला यांनी तहात घालू दिली नव्हती.