निम्मी फौज म्हणजे पाव ताकद : थोरले माधवराव आणि आमचं राक्षसभुवन

सुरुवात माझ्याच एका फजितीने करतो. पावसाळ्यात लाईट गेली की आमच्या विंगमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. वही, पेन्सिल आणि वीस पैलूंचा फासा एवढ्यावर चालतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं. त्या रात्री सांगणारा मी होतो. समोर चार वीर, आणि मी त्यांच्यावर आठ राक्षस सोडले. राक्षस आणि वीर सारख्याच ताकदीचे ठेवले होते. दुप्पट राक्षस म्हणजे लढाई दुप्पट अवघड, असा माझा सरळ हिशोब. मेसची घंटा व्हायच्या आत चारही वीर खलास आणि सात राक्षस शाबूत! पोरांनी मला उभा-आडवा धुतला.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. लँचेस्टर नावाच्या ब्रिटिश मोटार इंजिनिअरने १९१४ साली याचं गणित मांडलं होतं. सगळे सगळ्यांवर वार करू शकत असतील, तर एका बाजूची माणसं ज्या वेगाने पडतात तो वेग समोरच्यांच्या संख्येवर ठरतो. दोन छोटी डिफरन्शियल समीकरणं सोडवली की उत्तर येतं : ताकद संख्येच्या प्रमाणात नाही, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आठचा वर्ग ६४, चारचा १६. म्हणजे लढाई चौपट अवघड होती. ६४ मधून १६ गेले, उरले ४८, त्याचं वर्गमूळ जवळजवळ सात. तेच सात राक्षस!

आता गंमत बघा. तेच आठ राक्षस दोन-दोनच्या चार टोळ्यांत, एकामागून एक आणले तर? प्रत्येक टोळीचा वर्ग ४, चार टोळ्यांचे मिळून १६. वीरांचेही १६. लढाई बरोबरीची! राक्षस एकही कमी केला नाही, फक्त वेगळे पाडले.

हे वहीत मांडताना मला एकदम गाव आठवलं. मी तलवाड्याचा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. आमच्याच तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. लहानपणी तिथे जायचो ते शनिमहाराजांच्या दर्शनाला. तिथे मराठ्यांच्या इतिहासातली एक मोठी लढाई झाली हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत होतं, आणि ती ओळ मी परीक्षेपुरती पाठ केली होती. त्या लढाईतला पेशवा जेमतेम अठरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांएवढा, हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं.

माधवराव जन्मले फेब्रुवारी १७४५ मध्ये. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे ते दुसरे चिरंजीव. गादीवर बसायचं ते थोरल्या विश्वासरावांनी. पण १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ दोघेही पडले. त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब जूनमध्ये पर्वतीवर वारले. जुलैमध्ये सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं आली. सोबत वारसा काय, तर हरलेली फौज, कर्जाचा डोंगर आणि कारभार आपल्याच हातात ठेवू पाहणारे काका रघुनाथराव.

काका-पुतण्याचं फाटलं. १७६२ मध्ये दादा निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून आले. त्या नोव्हेंबरात आळेगावला माधवराव स्वतः काकांच्या स्वाधीन झाले. पेशव्याने शरण जायचं! मला आधी ही गोष्ट नामुष्कीची वाटायची. पण वर्गाचा नियम लावून बघा. फौजेचे दोन तुकडे झाले, की प्रत्येक तुकड्याची ताकद निम्मी नाही, पाव उरते. बाहेर निजाम टपलेला असताना घरात असे तुकडे पाडणं परवडणारं नव्हतं. माधवरावांनी समीकरण मांडलं नसेल, त्यांना ते कळत मात्र होतं.

पुढच्याच वर्षी निजाम अलीने पुणं लुटलं, जाळलं. नागपूरचे जानोजी भोसले तेव्हा त्याच्या बाजूला होते. मराठ्यांनी पुणं वाचवायला धाव घेण्याऐवजी निजामाचा मुलूख लुटायला घेतला आणि जानोजींना परत आपल्याकडे वळवलं. निजाम औरंगाबादेकडे निघाला. वाटेत गोदावरी. राक्षसभुवनाजवळ तो फौजेचा काही भाग घेऊन पलीकडे गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी अलीकडच्या तीरावर राहिला. नदीला पावसाळ्याचं पाणी. १० ऑगस्ट १७६३ ला मराठे त्या अलीकडच्या फौजेवर तुटून पडले. आधी दादाच कोंडीत सापडले, तेव्हा माधवराव मदतीला धावले आणि डाव फिरला. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या तीरावरचा निजाम काही करू शकला नाही. ज्या काकांनी निजामाला घरात आणलं, त्यांनाच पुतण्याने त्या दिवशी सोडवलं.

पण गणिताला सगळं कळतं असंही नाही. सेनापती पडल्यावर फौजेचा धीर सुटतो, ते त्या समीकरणात कुठेच येत नाही. घरातलं वैरही येत नाही. १७६८ मध्ये धोडपला माधवरावांना काकांशी पुन्हा लढावं लागलं; या वेळी त्यांनी दादांना हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. दक्षिणेत हैदर अलीवर वारंवार स्वाऱ्या, उत्तरेत पानिपतानंतर गेलेला वचक परत बसवणं, इकडे रामशास्त्री प्रभुण्यांसारख्या न्यायाधीशाला मोकळेपणाने काम करू देणं, हे सगळं अकरा वर्षांत. एकच माणूस इतक्या आघाड्यांवर वाटला गेला होता.

शेवटचा शत्रू होता क्षय. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात माधवराव गेले. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा मुद्दाम राक्षसभुवनला जाऊन आलो. दर्शन झाल्यावर घाटावर उभा राहिलो आणि पहिल्यांदाच मंदिराकडे पाठ करून पलीकडचा तीर बघितला. नदीचं पात्र एवढं रुंद आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता आमच्या डावात राक्षस टोळ्याटोळ्यांनी येतात, आणि मधे बहुतेक वेळा एखादी नदी असते. वीर जगतात. कधी कधी मरतातही, पण आता शिव्या फाशाला पडतात, मला नाही.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल